खापरावरची बिस्किटं

डबा संपला त्या दिवशी मनकर्णाबाईने शेवटचं बिस्किट टोब्याला घातलं नाही. ते तिने फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं. कुत्रा कोनाड्याखाली बसून वर बघत राहिला आणि ती त्याच्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली. नमुना समोर असल्याशिवाय कोणतीच चीज घडवता येत नाही, एवढं तिला कळत होतं. तिचा नवरा बियाण्याचे कांदे असेच वेगळे काढून ठेवायचा आणि घरात दुसरा कांदा नसला तरी त्यांना हात लावू द्यायचा नाही.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मंगरूळपीरच्या वेशीबाहेर, सरकारी बंगल्याच्या कुंपणाला लागून तिचा दोन एकरांचा मळा होता. त्यात कांदे, वांगी, मेथी आणि विहिरीच्या कडेला थोडा गहू. मोट दीर हाकायचा. उकंडराव त्याचं नाव. त्याचं घर बांधापलीकडे, लेकरासुनांनी भरलेलं. मनकर्णाबाईचं घर बांधाच्या अलीकडे, एका खोलीचं, आणि त्यात ती एकटी.

टोब्या बंगल्यातला. नाल्यावरचा पूल बांधायला आलेला गोरा साहेब दोन हिवाळे त्या बंगल्यात राहिला, त्याचा हा कुत्रा. मांजराएवढा, पांढरा, एक कान तपकिरी. भाजी द्यायला मनकर्णाबाई बंगल्यावर गेली की तो तिच्यामागे मळ्यात यायचा आणि वांग्याच्या सरीत पोट टेकून पडायचा. विलायतेत लढाई पेटली. साहेबाला फौजेत बोलावणं आलं. जायच्या दिवशी त्याने स्वतः कुंपण ओलांडून कुत्रा तिच्या हातात दिला, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे दिले आणि चपराशाकरवी सांगितलं, “सहा महिने सांभाळा. सकाळी चार, संध्याकाळी चार. दुसरं काही घालू नका.”

सांगण्यात अर्थ होता हे तिला आठवड्यातच समजलं. एकदा तिने दुधात भाकर कुस्करून दिली, तर टोब्या दोन दिवस झाडाखालून हलला नाही. त्याचं पोट मऊ अन्नाला सरावलेलं नव्हतं. बिस्किट मात्र तो दोन्ही पंजांत धरायचा, मान वाकडी करून दाढेखाली घ्यायचा, आणि मग कुरूम कुरूम असा आवाज घरभर व्हायचा.

त्या आवाजाची तिला सवय लागली. संध्याकाळी ती आपली भाकर घेऊन बसायची, समोर टोब्या बसायचा आणि दोघं जेवायची. आपल्या घरात दुसरं कुणी खातंय हे कानाला कळणं म्हणजे काय, ते नऊ वर्षांत ती विसरून गेली होती. आता ते पुन्हा विसरायची तिची तयारी नव्हती.

म्हणून तिने नमुना बाजूला काढला आणि बिस्किट करायला बसली.

पहिल्यांदा ज्वारीची भाकर पातळ थापून उन्हात वाळवली. ती वाकडी झाली, कडक झाली, पण दाढेखाली चामड्यासारखी ताणली जाई. नुसतं कडक होणं आणि कुरकुरीत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या ध्यानात आलं. मग ज्वारीच्याच पिठाच्या चकत्या खापरावर भाजल्या. त्या हातात घेताच भुगा झाल्या. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, गव्हाच्या आहे. तेव्हा गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांसाठी दळतात तसं जाडंभरडं गव्हाचं पीठ घेतलं. चकत्या बाहेरून छान लाल झाल्या, पण मध्ये फुगल्या आणि आतून ओल्याच राहिल्या.

तिने कोनाड्यातला नमुना काढून उन्हात धरला. त्याच्या अंगावर ओळीने बारीक भोकं होती. एवढे दिवस तिला ती नक्षी वाटली होती. आता तिला वाटलं, ही वाफेची वाट असावी. बाभळीचा काटा घेऊन तिने कच्च्या चकत्यांना तशीच भोकं पाडली. चकत्या फुगल्या नाहीत.

तरीही दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडत. आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या कडेपर्यंत येई. हे कोडं बरेच दिवस सुटलं नाही. एका सकाळी राख भरताना आदल्या दिवशी खापरावर विसरलेली एक चकती तिच्या हाताला लागली. निखारे विझले तरी राख रात्रभर कोमट राहिली होती, आणि त्या उबेत चकतीचं सगळं पाणी निघून गेलं होतं. तिने ती कानाजवळ नेऊन मोडली. डब्यातल्या बिस्किटाचा जसा आवाज व्हायचा, तसाच झाला.

त्या दिवसापासून रीत ठरली. गोवऱ्यांचा जाळ बसू द्यायचा, निखाऱ्यांवर खापर, खापरावर चकत्या, वरून दुसरं खापर आणि त्यावरही थोडे निखारे. लाल झाल्या की निखारे काढायचे आणि खापर तसंच राखेत पुरून सकाळपर्यंत ठेवायचं. मीठ घालायचं नाही, कारण नमुना चाटून पाहिला तेव्हा तो अळणी लागला होता.

उकंडराव मोट सोडून पाणी प्यायला आला, तेव्हा ती काट्याने भोकं पाडत होती.

“काय करून राह्यली वहिनी? कानं टोचून राह्यली काय भाकरीचे?”

“बिस्किटं हायेत. टोब्याची.”

“वा रे वा. कुत्र्याले रोज रोडगे. अन् आमी मारोतीच्या नावानं वर्षातून एक डाव खातो.” त्याने एक चकती उचलून चावली. “याच्यात तं मीठच नाई.”

“तुमच्यासाठी नाई केली थे.”

“म्हणूनच थो खात नाई पाय. कुत्रा असला म्हणून काय झालं, त्याले जीभ नाई काय?”

उकंडराव थट्टाच करत होता, पण बोलला ते खरं होतं. टोब्या तिची बिस्किटं खायचा, पण चारांतली दोन. बाकीची दोन नाकाने ढकलून बाजूला सारायचा. डब्यातल्या बिस्किटांना एक उग्र, खमंग वास होता आणि तो मांसाचा असणार हे मनकर्णाबाई समजून होती. पण तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिच्या घरात मांस कधी शिरलं नव्हतं आणि कुत्र्यासाठीही शिरणार नव्हतं. तिच्याजवळ उग्र, खमंग वासाची अशी एकच चीज होती, आणि ती मळाभर पिकत होती.

चैत्रात कांदा निघाला. तिने फुटके कांदे चिरून खाटेवर वाळवले, जवसाच्या तेलात लाल परतले, पाट्यावर वाटून त्यांची पूड केली आणि गाडगं भरून ठेवलं. कणकेत मूठभर पूड पडली आणि टोब्याने चारची चार बिस्किटं खाल्ली. वर कोनाड्याकडे बघून तो भुंकला. मनकर्णाबाई त्या दिवशी एकटीच हसली. दुसऱ्या दिवशी तिने दोन मुठी पूड घातली.

वैशाख संपता संपता टोब्या थकला. आधी तो तिच्यामागे विहिरीपर्यंत यायचा, आता उंबऱ्यावरूनच बघायचा. ज्येष्ठात चार पावलं चालला की धापा टाकायचा. राखेच्या ढिगावर पाय वर करायची त्याची जुनी खोड होती. पांढऱ्या राखेवर आता कात कालवल्यासारखा तपकिरी डाग पडत होता. मनकर्णाबाईने त्याला उराशी धरून गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे शालिकराम कंपाउंडर होता. डॉक्टर दौऱ्यावर असला की दवाखाना तोच चालवायचा. त्याने टोब्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या.

“रगतच नाई याच्या अंगात, काकू.”

“काहून नाई? खाते तं मस्त.”

“थंड मुलखाचा जीव हाय हा. आपला उन्हाळा याले सोसला नाई. गोऱ्यायलेच सोसत नाई, थे पळतात चिखलदऱ्याले.” त्याने पाच दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. “बैलाचं औषध ठाऊक हाय मले. याच्या एवढ्याशा जीवाले किती द्या, थे अंदाजानं देऊन राह्यलो. जास्त आशा नोको ठेवू.”

आशा ठेवू नको म्हटल्याने ती जात नाही. पुड्या संपल्या, फरक पडला नाही. मनकर्णाबाई रोज सकाळी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघायची. टोब्याला ताकद यावी म्हणून त्याच्या आवडीची पूड तिने आणखी वाढवली. तेवढंच तो खात होता.

आषाढ लागला आणि कांदेनवमी आली. दोन दिवसांनी चातुर्मास बसणार. मग कार्तिकीपर्यंत घरात कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. त्या दिवशी उकंडरावाच्या घरी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, सगळा कांदाच कांदा झाला. मनकर्णाबाईला ताट आलं. तिने टोब्यापुढे बिस्किटं ठेवली. त्याने नुसता वास घेतला आणि डोकं खाली टाकलं.

दुसऱ्या दिवशी दरसालप्रमाणे तिने पाटा राखेने घासला, परात घासली, उरलेले कांदे बांधापलीकडे दिले. कांद्याच्या पुडीच्या गाडग्याचं तोंड फडक्याने बांधून ते गोठ्याच्या आढ्याला टांगलं. ज्या हाताने आपली भाकर करायची त्याच हाताने, त्याच परातीत कुत्र्याची कणीक मळायची. मग तिच्यात कांदा कसा चालेल? बिस्किटं पुन्हा बेचव आणि बिनवासाची झाली. मरायला टेकलेल्या जीवाला आवडीचं खाणंही देता येत नाही, म्हणून तिला वाईट वाटलं. पण नेम तो नेम.

आठ-दहा दिवसांनी राखेवरचा डाग फिका दिसला. पुढच्या आठवड्यात तो नुसता ओला डाग होता, रंग नव्हता. नागपंचमीला ओठ वर करून पाहिलं तर हिरड्यांवर फिकट गुलाबी झाक होती. श्रावण सरता सरता टोब्या चारची चार बिस्किटं खाऊ लागला, कुरूम कुरूम, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

उकंडराव म्हणाला, “पाणी पडलं, हवा थंडी झाली, म्हणून वाचला.”

शालिकराम म्हणाला, “पुड्यांचा गुण उशिरा येते.”

मनकर्णाबाईने दोघांच्याही बोलण्याला मान हलवली आणि निंदण करता करता विचार करत राहिली. पुड्या संपून महिना उलटल्यावर गुण आला, म्हणजे तो पुड्यांचा नव्हता. मध्ये पंधरा दिवस पावसाने दडी मारली, वैशाखासारखं ऊन पडलं, तरी टोब्या त्यात बागडत होता. म्हणजे हवाही नव्हे. नवमीनंतर तिच्या घरात तिसरं एकच बदललं होतं. आणि ते सुरू कधी झालं होतं, तेही तिला आठवत होतं. कुत्रा थकला त्याच्या बरोबर महिनाभर आधी.

पक्की खात्री करायची तर एकच वाट होती, कांदा पुन्हा घालून बघायचा. ती खात्री तिला नको होती. तिने हे कुणाला सांगितलंही नाही. रोज घरोघरी खातात तो कांदा कुत्र्याला बाधतो म्हटलं असतं, तर उकंडराव गावभर हसला असता. आणि दुसरं, तिने स्वतः मुठी मोजून घातला होता.

दसऱ्यानंतर पोस्टाने कागद आला. शालिकरामाने ओट्यावर बसून वाचून दाखवला. साहेबाने कुणा मराठी कारकुनाकडून लिहवून घेतला होता. साहेब आता पुण्याकडच्या छावणीत होता आणि अजून वर्षभर तिथेच राहणार होता. कार्तिकीनंतर चौथ्या दिवशी बंगल्यावरचा तोच चपराशी, मदनसिंग, कुत्रा न्यायला येणार होता. “प्रवास मोटारीचा व आगगाडीचा, दोन दिवसांचा आहे,” शालिकराम अडखळत वाचत होता, “तरी कुत्रा धडधाकट असेल तरच द्यावा. आजारी वा अशक्त असल्यास बाईंकडेच राहू द्यावा. साहेब मागून बोलावणार नाहीत.”

“आणखी काय लिवलं?”

“बाईंचे उपकार आहेत, असं लिवलं.”

“मधातलं वाच बरं पुन्हा. आजारी असला तं काय?”

त्याने पुन्हा वाचलं. टोब्या दोघांच्या मध्ये बसून शेपटी हलवत होता. “पण आता तं हा घोड्यासारखा झाला,” शालिकराम म्हणाला. “जाईन हा आता साहेबाकडे. तुह्या हातचा गुण, काकू.”

कार्तिकी झाली. द्वादशीच्या सकाळी उकंडरावाने बांधावरून हाक दिली. “वहिनी, चार महिने झाले. आज कांद्याचं पिठलं टाक. सुनेच्या हातचं गिळगिळीत होते.” आणि त्याने पाच-सहा कांदे अलीकडे फेकले.

तिने पिठलं केलं. एक पितळी गंज भरून बांधापलीकडे दिला. मग गोठ्यात गेली आणि आढ्याचं गाडगं खाली उतरवलं. फडकं सोडलं. पूड तशीच होती, कोरडी, लालसर, वासही तसाच.

परातीत गव्हाचं पीठ होतं. मदनसिंगाला यायला तीन दिवस होते. पहिल्या खेपेला एक-दोन मुठींनी महिना लागला होता. पण तेव्हा सुरुवात थोड्याने झाली होती. माप चौपट केलं तर तीन दिवसांत निदान डाग तरी पडेल, कुत्रा मलूल तरी दिसेल. मदनसिंग बघेल आणि परत जाईल. मग ती पूड बंद करेल आणि टोब्या पुन्हा बरा होईल. मागच्या खेपेला झालाच होता. तिने हे सगळं अगदी नीट, आकडे लावून मनात मांडलं. त्यात चूक कुठे नव्हती.

वास आला तसा टोब्या अंगणातून आत आला. गाडग्याभोवती एक चक्कर मारली. मग तिच्या पुढ्यात बसला, मान वर केली आणि आपण होऊन ओठ मागे घेतला. पाच महिने रोज सकाळी ती त्याच्या हिरड्या बघत आली होती. ती बसलेली दिसली की तोंड दाखवायचं, असं तो शिकला होता. हिरड्या ओल्या आणि लाल होत्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या.

मनकर्णाबाईने बघितल्या. त्याचा ओठ हाताने खाली केला. मग गाडगं उचलून विहिरीकडे गेली आणि पाण्याच्या वाहत्या दांडात ते उपडं केलं. पूड पाण्यावर तरंगत नव्या कांद्याच्या वाफ्यात गेली.

परत येऊन तिने हात तीनदा धुतले आणि मग कणीक मळली.

मदनसिंग ठरल्या दिवशी आला. उंच, मिशाळ, खाकी पट्ट्यातला माणूस. त्याने बरोबर नवा डबा आणला होता, त्यावर कुत्र्याचं चित्र. टोब्याने त्याचे बूट हुंगले आणि त्याला ओळखलं. डब्यातलं बिस्किट पुढे करताच घेतलं, पंजांत धरलं आणि खाल्लं. मनकर्णाबाई उभी राहून ऐकत होती.

“तबियत तो अच्छी है,” मदनसिंग म्हणाला. “साहेबाला वाटलं होतं, मरून गेला असेल.”

तिने साठ बिस्किटांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. “वाटेत चारजा. डब्यातली चारतो म्हणान तं थेही चारा. पण एक सांगणं हाय. कांदा नोको देजा.”

“काय?”

“कांदा. कच्चा नाई, शिजला नाई, वाळला नाई. साहेबाले सांगजा.”

“बाई, तिथं मेसमध्ये खानसामा आहे. कुत्र्याला काय द्यायचं ते त्याला माहीत आहे.”

“त्याले नाई मालूम. म्हणून दाखवा बरं, काय सांगान?”

मदनसिंग हसला. पण ती बाजूला सरेना, म्हणून त्याने शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं, “कांदा नको. कच्चा नको, शिजलेला नको, वाळलेला नको. झालं? पण का, बाई?”

“मरते त्याच्यानं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“म्या चारला होता,” मनकर्णाबाई म्हणाली.

मदनसिंगाचं हसू गेलं. त्याने कुत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मोटार वेशीजवळ उभी होती. टोब्या त्याच्या काखेत बसून निघाला. वळणापर्यंत त्याचा एक तपकिरी कान दिसत होता. तो भुंकला नाही. त्याला वाटलं असेल, जाऊन यायचं आहे.

त्या संध्याकाळी तिने सवयीने परात काढली. कणीक मळून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. मळलेली कणीक टाकता येत नाही, म्हणून तिने चकत्या केल्या, काट्याने भोकं पाडली, भाजल्या आणि खापर राखेत पुरलं. सकाळी आठ बिस्किटं तयार होती.

कोनाड्यातला नमुना तिने काढला. बारा महिन्यांचा झाला होता तरी मऊ पडला नव्हता. तिने तो पुन्हा फडक्यात बांधून जागेवर ठेवला आणि खापरावरचं आपलं एक बिस्किट घेऊन उंबऱ्यावर बसली. डावीकडच्या दाढा गेल्या होत्या, म्हणून उजवीकडे घेतलं. घरात आवाज झाला. ती थांबली तसा आवाजही थांबला. तिने पुन्हा चावलं.

उकंडराव बैल घेऊन बांधावरून चालला होता.

“काय खाऊन राह्यली वहिनी एवढ्या सकाळी?”

“बिस्किट.”

“कसं लागते?”

मनकर्णाबाईने घास गिळला.

“अळणी,” ती म्हणाली.

उकंडरावाने बैलांना चुचकारलं आणि तो विहिरीकडे गेला. तिने उरलेलं अर्धं बिस्किट तोंडात घातलं आणि मोट सुरू व्हायच्या आत ते चावून संपवलं.